आधी क्रेडिट मोज, मग रड

अगं, निकाल लागला की तुम्ही सगळ्या पोरी एकच करता. गुणपत्रकात एफ कुठे आहे तेवढं शोधता, तो सापडला की मोबाइल उपडा ठेवता आणि जेवायला येत नाही. आईनं विचारलं तर म्हणता डोकं दुखतंय. बाकीचे रकाने कोण वाचणार? खरं तर तेच वाचायचे असतात. चल, ऊठ. तोंड धू, वही-पेन घे आणि मी सांगते तशी बेरीज करत जा. रडायचं असेल तर नंतर रड, मी आडवी येणार नाही.

एक आधीच सांगते. हे नियम तुझ्या सरांनी केलेले नाहीत. तू शिकतेस पारनेरच्या कॉलेजात, पण नियम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे. पुणे, नगर, नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांना तेच लागू. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण मेली जीभ अजून नगरच म्हणते.) त्यामुळे सर रागावले म्हणून मला नापास केलं, हे डोक्यातून काढून टाक. आणि ती तुझी मैत्रीण, जिचा भाऊ पुण्यात कुठल्याशा स्वायत्त कॉलेजात आहे आणि जो म्हणतो की आमच्यात असं नसतं, त्याचंही ऐकू नकोस. स्वायत्त कॉलेजांना परीक्षेचे बरेचसे नियम स्वतः ठरवता येतात. त्याचं त्याला लखलाभ.

आमच्या वेळी वर्षाअखेर एकदाच पेपर असायचे. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास, पास क्लास, एवढ्यात सगळ्या आळीला निकाल कळायचा. तुमचं तसं राहिलं नाही. २०१९ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला क्रेडिटची आणि सत्राची पद्धत आली आणि २०२४ पासून त्यावर नव्या शैक्षणिक धोरणाचा साज चढला. मेजर, मायनर, ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... माझ्या पुतणीच्या टाइमटेबलवर मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हिला डॉक्टरनं एवढ्या तपासण्या कशाला सांगितल्या! तर या अक्षरांना घाबरू नकोस. प्रत्येक अक्षरापुढे एक आकडा असतो, २ किंवा ४. तो क्रेडिटचा आकडा. आपल्याला आज त्याच्याशीच काम आहे.

थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचं शिकणं, प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचं. एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांचे मिळून १३२. विषय सुटला की त्याचे सगळे क्रेडिट तुझे, नाही सुटला तर एकही नाही. ४० पडले काय नि ९० पडले काय, ४ क्रेडिटचा विषय ४ क्रेडिटच देतो. गुणांचा फरक ग्रेडमध्ये दिसतो, तिकडे मी नंतर येतेच.

आता मोज. दोन्ही सत्रं मिळून तुझे तीन विषय राहिले, दोन ४ क्रेडिटचे आणि एक २ क्रेडिटचा. चार, चार नि दोन, दहा. ४४ मधून १० गेले, राहिले ३४. आणि दुसऱ्या वर्षात जायला लागतात किती? पहिल्या वर्षाच्या निम्मे, म्हणजे २२. तू तर बारानं वर आहेस. अगं, ४ क्रेडिटचे पाच विषय राहिले असते तरी हातात २४ उरले असते आणि तू दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसली असतीस. मी असं म्हणत नाही की पाच राहू देत. पण काल रात्री तू जे ठरवून टाकलंस ना, की वर्ष वाया गेलं आणि आता सगळं संपलं, त्यातलं काहीही झालेलं नाही. वर्ष वाया गेलेलं नाही. तीन विषय राहिलेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ज्याची खरी भीती धरायची ते सांगते, कारण त्याची भीती कुणीच धरत नाही. दुसऱ्या वर्षाचं दार अर्ध्यावर उघडतं, तिसऱ्या वर्षाचं नाही. तिथे पहिल्या वर्षाचे सगळेच्या सगळे क्रेडिट पूर्ण लागतात आणि वर दुसऱ्या वर्षाचे निम्मे. पहिल्या वर्षाचा एक विषय, अगदी २ क्रेडिटचा, लोंबकळत राहिला तरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश अडतो. खरं सांगू का, मी ज्या मुली घरी बसलेल्या बघितल्या त्यातल्या बऱ्याचशा पहिल्याच वर्षी गळल्या नव्हत्या. पहिल्या वर्षाला एखादा पेपर राहिला, दुसऱ्या वर्षात बसायला मिळालं म्हणून जीव भांड्यात पडला, 'देऊ की पुढच्या वेळी' असं करता करता दुसऱ्या वर्षाचे पेपर अंगावर आले, आणि मग त्या एका जुन्या पेपरानं दारातच अडवलं. म्हणून परीक्षा आली की नव्या विषयांच्या आधी जुन्या विषयांचा अभ्यास. दुसऱ्या वर्षाचा एखादा पेपर मागे राहिला तर चालवून घेता येतं, पहिल्याचा राहिला तर नाही. हे भिंतीवर लिहून ठेव हवं तर.

आणि तुझ्या पॅटर्नचं परिपत्रक परीक्षा विभागात मिळतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घे. पॅटर्न बदलला की आकडे इकडचे तिकडे होऊ शकतात. कॅन्टीनमध्ये ऐकलेला नियम हा नियम नसतो.

एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात जाणं, या शब्दाला तर मुळीच लाजू नकोस. आमच्या घरी तो शब्द मीच पहिल्यांदा आणला. गणिताचा एक पेपर राहिला होता. मी दारातूनच घाईघाईत ओरडले, 'आजी, मला एटीकेटी लागली!' आणि सायकल टाकून गुपचूप मागच्या दारानं मोरीत पळाले. आजीला वाटलं पोरीला काहीतरी मोठं पद लागलं. ती अख्ख्या आळीत साखर वाटून आली. संध्याकाळी वडिलांना खरं काय ते सांगताना माझी जी गाळण उडाली, त्यापेक्षा गणित सोपं होतं. पुढे तो पेपर सुटला. साखर मात्र परत आली नाही.

बरं, आता ते अंतर्गत गुणांचं बघू, कारण माझा संशय तिथेच आहे. तुझ्या गुणपत्रकात एका विषयात लेखीला ३५ पैकी ३० आहेत आणि तरी एफ. तू म्हणणार पेपर तपासणाऱ्यानं चूक केली. नाही गं. बाजूचा रकाना बघ. २ क्रेडिटचा विषय ५० गुणांचा, त्यातले ३५ लेखीचे आणि १५ अंतर्गत. दोन्हीकडे वेगवेगळं ४० टक्के लागतं. म्हणजे लेखीत १४ आणि अंतर्गत ६. तुला अंतर्गत ४ आहेत. बेरीज ३४, पन्नासात ३४ म्हणजे ६८ टक्के, आणि तरीही नापास! ४ क्रेडिटच्या विषयाचं असंच, ७० मध्ये २८ हवेत आणि ३० मध्ये १२.

आता हे ४ कसे झाले ते मला विचारू नकोस, मला माहीत आहे. चाचणी होती त्या दिवशी एसटी आली नाही. सेमिनार होता त्या दिवशी रानात कांदा काढायला बायका मिळाल्या नाहीत म्हणून घरी थांबलीस. असाइनमेंट लिहिली होती, पण द्यायची तारीख नोटीस बोर्डवर लागली आणि तुला दोन दिवसांनी कळली. बघ, मला तुझ्या बुद्धीबद्दल काडीचीही शंका नाही. टाकळी ढोकेश्वर, निघोज, कान्हूर पठार अशा बाजूंनी रोज ये-जा करणाऱ्या मुली लेखीत मार खात नाहीत, या १५ गुणांत मार खातात. कारण लेखी परीक्षा एका ठरलेल्या दिवशी असते, त्या दिवशी घरचे पण म्हणतात जा. अंतर्गत परीक्षा मात्र सत्रभर थोडी थोडी चालू असते आणि घरच्यांना ती परीक्षा वाटतच नाही. 'आज कॉलेजात काही नाही ना?' असं विचारलं की तू म्हणतेस 'नाही, नुसती चाचणी आहे.' नुसती? पुन्हा असं म्हणालीस तर मी पारनेरला येऊन कान पिळीन. घरी सांगताना सरळ सांग, आज परीक्षा आहे. ती असतेच.

मी कुणा शिक्षकाला दोष देत नाही आणि तुलाही देत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, की ज्या तालुक्यात निम्मा वर्ग बसच्या वेळापत्रकावर जगतो तिथे चाचणी सकाळच्या पहिल्या तासाला ठेवू नये. आता ते माझ्या हातात नाही. तुझ्या हातात एवढंच आहे, की सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या मॅडमना किंवा सरांना जाऊन विचारायचं, अंतर्गत गुण कशाकशाचे आणि कधी. तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहायच्या. बस चुकली तर त्याच दिवशी वर्गातल्या कुणाला तरी फोन करून निरोप द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन भेटायचं. चाचणी चुकली तर पुन्हा घेऊ देतात का ते तेव्हाच विचारायचं. सत्र संपल्यावर, गुण विद्यापीठाकडे गेल्यावर विचारून काय उपयोग? तेव्हा त्यांनाही काही करता येत नाही. लाजतेस कशाला? रोज पंचवीस पोरी त्यांच्याकडे जातात, सव्विसावी तू.

हजेरीचंही तसंच. ७५ टक्के भरली नाही तर टर्म ग्रँट होत नाही, परीक्षेचा फॉर्म अडतो. बारावीपर्यंत तुला एसटीचा पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेतला. कॉलेजात आलीस की तो जातो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. दर महिन्याला तेवढे पैसे मागायला जिवावर येतं, म्हणून कित्येक मुली महिन्यातले आठ-दहा दिवस कॉलेजच टाळतात. मला हे एका मुलीनं फार उशिरा सांगितलं. तुझं असं काही असेल तर आईला आत्ताच सांग, दडवू नकोस. आणि जत्रा-लग्नसराईचा विचार करूनच दांड्या मार, चैत्रात मळगंगेच्या जत्रेला जायचं असेल तर माघात घरी बसू नकोस.

हं, आता ग्रेड. ८० च्या पुढे ओ, त्याचा पॉइंट १०. सत्तरीत ए प्लस, ९. साठीत ए, ८. ५५ ते ६० च्या आत बी प्लस, ७. ५० ते ५५ च्या आत बी, ६. ४५ च्या पुढे सी, ५. ४० ते ४५ च्या आत पी, ४. त्याच्या खाली एफ, शून्य. पाठ करायची गरज नाही, गुणपत्रकाबरोबर तक्ता असतोच. पण एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, कसा निघतो ते समजून घे, कारण त्यात एक गंमत आहे. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्याचा पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट.

तीनच विषय घेऊ म्हणजे डोकं फिरणार नाही. ४ क्रेडिटच्या विषयात ए, म्हणजे ३२. २ क्रेडिटच्या विषयात ओ, म्हणजे २०. दुसऱ्या एका ४ क्रेडिटच्या विषयात जेमतेम पी, म्हणजे १६. बेरीज ६८, क्रेडिट १०, आले ६.८. आता समज, त्या २ क्रेडिटच्या विषयावर तू जी रात्र-रात्र जागलीस, चार रंगांच्या पेनांनी मुखपृष्ठ काढलंस, त्यातला थोडा वेळ त्या पी वाल्या विषयाला दिला असतास. छोट्या विषयात ओ चा ए झाला, २० चे १६ झाले. मोठ्यात पी चा बी झाला, १६ चे २४ झाले. बेरीज ७२, म्हणजे ७.२. छोट्यात उतरलीस तरी एकंदरीत चढलीस! पीठ मळायचं सोडून मीठ चाळत बसू नये, एवढंच मला म्हणायचंय. मीठ लागतंच, पण चिमूटभर.

आणि सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सत्रांच्या मिळून सरासरीला, दहानं गुणून टक्के काढू नकोस गं. सगळ्या जणी हेच करतात आणि नोकरीच्या फॉर्मात तेच ठोकतात. टक्क्यांत बदलायचं विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं, गुणपत्रकाच्या मागे किंवा कार्यालयात मिळतं. फॉर्मात भरलेले टक्के आणि कागदावरचे टक्के जुळले नाहीत की कागदपत्रं तपासताना पंचाईत होते.

टक्के किती हवेत, हा पुढचा प्रश्न तुझ्या ओठांवर आहेच. ते तुला काय करायचंय त्यावर. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, टक्क्यांची अट नाही. तलाठ्यालाही पदवी. पारनेरची किती पोरंपोरी अभ्यासिकेत बसलीत ते तू बघतेसच, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या गुणपत्रकात कधीकाळी एफ होता आणि आज तो कुणी विचारत नाही. पण शिक्षिका व्हायचं असेल तर बीएडला पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. प्राध्यापक व्हायचं तर नेटसाठी एमएला किंवा एमएस्सीला ५५, राखीव प्रवर्गाला ५०. म्हणजे नुसत्या पी-पी-पी वर पदवी मिळेल, पण बीएडचं दार लागेल. आणि सुप्याच्या एमआयडीसीत किंवा रांजणगावला नोकरी बघायची असेल, तर टक्क्यांपेक्षा बॅकलॉग शिल्लक आहे का, हे आधी विचारतात. तेव्हा कुठे जायचंय ते ठरव आणि तेवढ्यापुरतीच काळजी कर. सगळ्या काळज्या एकदम डोक्यावर घ्यायला तू काही घरातली कर्ती बाई नाहीस. अजून तरी नाहीस!

लेखीत खरंच कमी पडलेत असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव. ती हातात आली की त्या विषयाच्या शिक्षकांकडे घेऊन जा, ते म्हणाले की वाढतील तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर. निकालानंतर त्याला मोजकेच दिवस असतात, म्हणून रुसून बसायचं ते दोन दिवसांत उरक. आणि हजर असून गुणपत्रकात गैरहजर दिसत असेल, तर तो निकाल नाही, ती नोंदीची चूक आहे. हॉल तिकीट घेऊन दुसऱ्याच दिवशी परीक्षा विभागात जा. अर्ज लेखी दे, त्याच्या प्रतीवर पोचशिक्का घे. 'सांगितलंय मी त्यांना' याला काही अर्थ नसतो.

आता घरचं. मला माहीत आहे, तू एवढी घाबरलीस ती क्रेडिटला नाही, वडिलांना. आणि त्यांच्यापेक्षाही जास्त त्या मामांना, जे निकालाच्या आठवड्यात नेमके पाहुणे म्हणून येतात आणि म्हणतात, 'नापास झाली ना? मग बास करा आता, एक स्थळ आहे सुप्याचं.' खरं सांगू का, आपल्याकडे मुलाचा एफ हा विषय राहिलेला असतो आणि मुलीचा एफ हा शिक्षण थांबवायचा मुहूर्त असतो. याचा मला इतका संताप येतो की मी या ओळी लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले. पण संतापून तुझं काम होणार नाही. तुला घरी बोलता आलं पाहिजे.

म्हणून निकाल लपवू नकोस. लपवलेला निकाल दुसऱ्याच्या तोंडून कळतो आणि तेव्हा तो दुप्पट वाईट दिसतो. रात्रीची जेवणं उरकल्यावर, मामा नसताना, आई जवळ असताना सांग. एफ हा शब्द आधी काढू नकोस, आधी आकडा सांग. 'दादा, वर्षाचे ४४ होते, मला ३४ मिळाले, पुढच्या वर्षात जायला २२ लागतात, मी दुसऱ्या वर्षाला जातेय. तीन विषय पुन्हा द्यायचेत.' शेतकरी माणूस आकडा ऐकतो गं. कांद्याची पट्टी आली की किती गोणी, किती वजन, किती हमाली, किती तोलाई, सगळं बघतो तो. 'मी नापास झाले' म्हणून हुंदके देत बसलीस तर त्याला फक्त हुंदका ऐकू येणार आणि त्यावर तोडगा म्हणून मामांचं स्थळ पुढे येणार. कागद दाखव, बोट ठेवून दाखव. आईलाही दाखव. तिला अक्षर लागत नसलं तरी तिच्याही पुढ्यात ठेव, तिला विचारल्यासारखं वाटतं आणि पुढे तीच तुझी बाजू लावून धरते.

कुणीतरी हमखास म्हणेल, आता नवीन नियमानं एका वर्षातही सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांत डिप्लोमा मिळतो, मग कशाला तीन वर्षं? अर्धवट ऐकून लोक असं बोलतात. नव्या धोरणात मधूनच बाहेर पडता येतं हे खरं, पण एका वर्षाच्या प्रमाणपत्राला पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट पूर्ण आणि वर आणखी ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम लागतं. विषय राहिलेल्या मुलीला ते असं हातावर ठेवत नाहीत. माझ्या मते ते दार अडचणीसाठी आहे. घरात आजारपण आलं, बाळंतपण आलं, दुष्काळानं पैसाच उरला नाही, अशा वेळी त्याचा आधार आहे. मामांना स्थळ सुचलं म्हणून त्यातून बाहेर पडायचं नाही. आणि समज, पडावंच लागलं, तर परत यायचं दारही आहे हे लक्षात ठेव. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुझ्या नावावर जमा राहतात. तो जो बारा आकडी आयडी कॉलेजनं काढायला लावला आणि तू 'काय कटकट आहे' म्हणालीस ना, तो त्यासाठीच. लग्न झालेल्या, मांडीवर मूल असलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. तुलाही सांगून ठेवते, वापरायची वेळ न येवो.

शिष्यवृत्तीचं एक राहिलं. सरकारच्या महाडीबीटी साइटवर फॉर्म दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, त्यात मागच्या वर्षाचा निकाल भरायचा असतो. राजर्षी शाहू महाराज योजना असो की तुझ्या प्रवर्गाची दुसरी, तीन विषय राहिलेत म्हणून आपोआप बाद झालो असं समजून फॉर्मच भरला नाही, असं करू नकोस. पुढच्या वर्षात प्रवेश मिळालाय ना? मग आधी कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचार. आपल्या पारनेरचेच सेनापती बापट बघ. १८८० सालचा जन्म, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली इंजिनिअरिंग शिकायला थेट एडिंबरोला गेले, आणि तिथे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. नापास झाले म्हणून नव्हे, ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलले म्हणून! तुझी जायचीच असेल तर अशा कारणानं जाऊ दे, शेवटच्या दिवशी साइट बंद पडली म्हणून नको.

तर आता सोमवारी पहिल्या गाडीनं जा. परीक्षा विभागात आधी विचार, त्या ४ गुणांच्या विषयाचं अंतर्गत पुन्हा कधी घेणार आणि त्यासाठी अर्ज कुणाकडे द्यायचा. लेखीत तू पास आहेस, तेव्हा ते गुण पुढे धरतात ना, तेही तिथेच पक्कं करून घे. बाकीच्या दोन विषयांच्या मागच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात, तीन-तीन वर्षांच्या झेरॉक्स काढ. पारनेरला झेरॉक्सच्या दुकानात गर्दी असते, मधल्या सुट्टीआधी जा. परीक्षेचा फॉर्म सुरू झाला की नव्या विषयांबरोबर राहिलेले विषयही त्यात आलेत का ते एकेक करून तपास. नुसतं पुढे-पुढे दाबत जाऊ नकोस, फॉर्मातच विषय नसेल तर त्याचं हॉल तिकीट येत नाही आणि मग अख्खं सत्र जातं. शुल्क भरल्यावर पावती येते, तिचा फोटो मला पाठव. आणि मूळ पावती पर्समध्ये कोंबू नकोस, घडीवर फाटते. फाइलमध्ये लाव.